ईपरचं महायुद्ध-संग्रहालय आणि रात्री आठचा बिगूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेल्जियममधल्या ईपर गावात 'इन फ्लँडर्स फील्ड्स' हे पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. तिथून पाच मिनिटं चाललं की मेनिन गेट ही बेपत्ता सैनिकांची नावं कोरलेली स्मारक-कमान लागते, आणि तिच्याखाली रोज रात्री बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही धून वाजते. नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंडमधली मराठी मंडळी सुट्टीत इकडे येतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेले आई-वडीलही सोबत असतात. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. वेळा आणि दर अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाचं आणि लास्ट पोस्ट असोसिएशनचं संकेतस्थळ पाहून घ्या.

१. संग्रहालय आणि मेनिन गेट एकच का? तिकीट कशाकशाला लागतं?

दोन्ही वेगळी आहेत, आणि गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. संग्रहालय गावच्या मुख्य चौकात, लाकेनहाले नावाच्या मध्ययुगीन कापड-बाजाराच्या इमारतीत आहे. ते ईपर शहराचं आहे आणि तिथे तिकीट लागतं. मेनिन गेट ही गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरची कमान. तिची देखभाल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग करतो. तिच्याखालचा रोजचा कार्यक्रम लास्ट पोस्ट असोसिएशन ही स्थानिक स्वयंसेवी संस्था करते आणि त्याला तिकीट नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर ते टूर कंपनीच्या बसचे असतील, कार्यक्रमाचे नव्हेत.

नकाशात 'ईप्र' हे फ्रेंच नाव दिसलं आणि स्टेशनवर 'ईपर' हे डच नाव दिसलं तर गाव तेच समजा.

२. लास्ट पोस्टच्या वेळी नेमकं काय होतं?

रात्री आठच्या ठोक्याला बिगूलवादक कमानीखाली रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहतात आणि लास्ट पोस्ट वाजवतात. त्याआधी पोलीस वाहतूक थांबवतात. वादक गावचेच असतात आणि स्थानिक अग्निशमन दलाच्या गणवेशात येतात. ब्रिटिश सैन्यात दिवस संपल्याची खूण म्हणून ही धून वाजे. पुढे ती सैनिकाच्या अंत्यसंस्काराची झाली. भारतीय लष्करानेही ती ठेवली. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या गावात एखाद्या जवानाला लष्करी इतमामात निरोप देताना तुम्ही हजर असाल, तर ही धून तुमच्या कानांना नवी नाही.

साधा कार्यक्रम पाच-दहा मिनिटांत आटोपतो. एखाद्या शाळेने, पलटणीने किंवा कुटुंबाने आधी नोंदणी केली असेल तर तो लांबतो. मग स्मरणाच्या चार ओळी म्हटल्या जातात, एक मिनिट स्तब्धता, पुष्पचक्रं, कधी गायनवृंद किंवा बॅगपाइप, आणि शेवटी 'रेव्हेली' म्हणजे सैनिकांना उठवण्याची धून. सूत्रसंचालक नाही, भाषणं नाहीत, रोषणाई नाही. 'एवढंच?' असं म्हणणारे भेटतात. त्यांना प्रश्न १३ आणि १४ वाचून मग जायला सांगतो, कारण कमानीवरचं एखादं नाव आधी शोधून आलेल्याला तीच दहा मिनिटं पुरेशी वाटतात.

३. खरंच रोज होतो? पावसात, नाताळात, कोविडमध्येसुद्धा?

हो. पाऊस असला तरी वर कमानीचं लांबरुंद छत आहे. नाताळ, नववर्ष, कडाक्याची थंडी, कशानेही तो चुकत नाही.

कमानीचं उद्घाटन २४ जुलै १९२७ रोजी झालं. गावाच्या पोलीसप्रमुखांच्या पुढाकाराने २ जुलै १९२८ पासून बिगूल वाजू लागला, पण त्या वर्षी चारेक महिन्यांतच तो थांबला. १ मे १९२९ पासून मात्र रोज. खंड पडला तो एकदाच, दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताबा असताना, २० मे १९४० पासून. तेवढी वर्षं इंग्लंडमधल्या ब्रुकवुड इथल्या लष्करी दफनभूमीत ही परंपरा चालू ठेवली गेली. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश फौजांनी ईपर सोडवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला अजून गोळीबार चालू होता आणि त्याच संध्याकाळी इथे बिगूल वाजला. ९ जुलै २०१५ ला तीस हजारावा कार्यक्रम झाला. कोविडच्या काळात प्रेक्षकांना बंदी होती, तेव्हा एकटा वादक येऊन वाजवून जाई. २०२३ पासून कमानीच्या दुरुस्तीचं मोठं काम चाललं, परांची बांधल्या गेल्या, तरी कार्यक्रम थांबला नाही.

४. किती वाजता पोहोचायचं आणि उभं कुठे राहायचं?

उन्हाळ्यात आणि शाळांच्या सहलींच्या दिवसांत सातच्या सुमारास. हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी पावणेआठही चालतं. मधला भाग दोरी लावून मोकळा ठेवतात आणि लोक दोन्ही कडांना उभे असतात. पुढची रांग भरली की मागच्याला फक्त आवाज येतो. बसायची सोय नाही. आई-वडिलांना पाऊण-एक तास उभं राहणं झेपणार नसेल किंवा व्हीलचेअर असेल तर तिथल्या स्वयंसेवकाला लवकर गाठून विचारा. आठ म्हणजे आठ. आपल्याकडच्या कार्यक्रमांचा हिशेब इथे लावू नका.

५. संग्रहालयात प्रदर्शनाखेरीज कोणते कार्यक्रम असतात?

कायमच्या प्रदर्शनाबरोबर ठरावीक काळ चालणारी तात्पुरती प्रदर्शनं असतात. व्याख्यानं होतात, पण ती बहुतेक डच भाषेत. शाळांसाठी मार्गदर्शकासह फेऱ्या आणि कार्यशाळा असतात. त्या आधी आरक्षित कराव्या लागतात, दारात जाऊन मिळत नाहीत. सुट्ट्यांत मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळे उपक्रम लागतात.

मला स्वतःला दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे नामावली. १९१४ ते १९१८ मध्ये बेल्जियमच्या भूमीवर किंवा तिथल्या लढायांमुळे मेलेल्या प्रत्येकाचं नाव नोंदवण्याचं काम संग्रहालयाने हाती घेतलं आहे. सैनिक, नागरिक, दोस्त, शत्रू असा भेद त्यात नाही, आणि आकडा सहा लाखांच्या घरात जातो. ती ऑनलाइन पाहता येते. दुसरी म्हणजे संग्रहालयाचं संशोधन केंद्र. तिथे ग्रंथालय, नकाशे, विमानातून काढलेली जुनी छायाचित्रं आहेत आणि नात्यातल्या सैनिकाचा शोध घेणाऱ्याला मदत करणारी माणसं आहेत. आधी कळवून गेलात तर कामाची कागदं काढून ठेवतात. पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत.

याशिवाय गावाबाहेर जुन्या आघाडीवर हूग, क्लाइन झ्वानहोफ आणि पालिंगबेक इथे विनामूल्य माहितीस्थानं आहेत आणि तिथून पायवाटा निघतात. पायवाटांवर जाणार असाल तर आधी प्रश्न १६ वाचा.

६. मार्गदर्शन मराठीत किंवा हिंदीत मिळतं का?

नाही. डच, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या चार भाषा. इंग्रजी न वाचणारे कुणी सोबत असतील तर सगळं भाषांतर करत बसू नका, त्यात दोघांचाही जीव जातो. चार गोष्टी आधी घरी सांगून ठेवा : १९१४ च्या शरद ऋतूत जर्मन फौज इथे अडली, चार वर्षं आघाडी गावाभोवती काही किलोमीटर पुढेमागे होत राहिली, २२ एप्रिल १९१५ ला इथे क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला झाला, आणि युद्ध संपलं तेव्हा गावात धड एक भिंत उभी नव्हती. लाकेनहालेची आजची इमारत ही त्या ढिगाऱ्यातून पुन्हा बांधलेली. तिचं काम १९६७ पर्यंत चाललं. एवढं माहीत असलं की पुढचं वस्तू आणि चित्रं पाहून कळतं.

७. लहान मुलांना न्यावं का?

लास्ट पोस्टला अगदी तान्ह्यालाही न्या, रडलं तर बाजूला घ्या. संग्रहालयाबद्दल माझं मत जरा कडक आहे. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे कंटाळा येतो किंवा भीती वाटते. वायूचे मुखवटे, जखमी चेहऱ्यांची छायाचित्रं, अंधारलेली दालनं. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना मात्र जरूर. त्याच इमारतीच्या घंटाघराचा मनोरा चढायला मुलांना आवडतं, २३१ पायऱ्या आहेत. त्याला लिफ्ट नाही, संग्रहालयाला आहे.

८. ब्रसेल्सहून एका दिवसात होतं का? रात्री परत कसं यायचं? शाकाहारी काय मिळतं?

होतं. रेल्वेने एका बाजूला सुमारे दोन तास. अडचण परतीची आहे. लांबलेला कार्यक्रम संपायला साडेआठ होतात आणि मेनिन गेटपासून स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, ज्येष्ठांच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं धरा. शेवटची सोयीची गाडी कोणती हे सकाळीच पाहून ठेवा. रविवारी आणि सणाला वेळापत्रक वेगळं असतं. जमत असेल तर एक रात्र मुक्काम करा. हिवाळ्यात संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि जानेवारीत काही दिवस पूर्ण बंद ठेवतात. त्या दिवसांत आलात तर फक्त बिगूल मिळेल.

जेवणाचं म्हणाल तर चौकात हॉटेलं भरपूर आहेत. पण बेल्जियममध्ये बटाट्याचे तळलेले काप पुष्कळ ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. शाकाहारी असाल तर 'तेलात तळता का?' हे काउंटरवर विचारायचंच.

९. टाळ्या वाजवायच्या का? फोटो, व्हिडिओ चालतात का?

टाळ्या नाहीत. गायनवृंद कितीही सुरेख गायला तरी नाहीत. नवखे प्रेक्षक चुकून सुरुवात करतात आणि मग शेजारचे हातानेच थांबवतात, तेव्हा आपण त्या नवख्यांत नसावं. फोटो काढू देतात, मात्र फ्लॅश बंद ठेवा, फोन छातीच्या वर नेऊ नका आणि स्तब्धतेच्या मिनिटात तो खिशात असू द्या. व्हिडिओ कॉल लावून पुण्याला आजीला दाखवणं मनातून कितीही चांगलं असलं तरी पलीकडून 'हॅलो, ऐकू येतंय का?' हा आवाज कमानीखाली फार घुमतो.

१०. आम्हाला पुष्पचक्र वाहायचं आहे. काय करावं लागतं?

लास्ट पोस्ट असोसिएशनच्या संकेतस्थळावर आधी अर्ज करायचा. कुटुंब, शाळा, मंडळ, कुणीही करू शकतं आणि त्याचे पैसे नाहीत. पुष्पचक्र तुम्ही आणायचं. ठरलेल्या वेळेआधी जाऊन तिथल्या संयोजकाला भेटायचं. कुणी कुठून चालत यायचं, कधी मान लववायची, हे तो सांगतो. मोठा गट, वाद्यवृंद किंवा गायन असेल तर कित्येक महिने आधी विचारा. नोंदणी न करता आलात तरी हरकत नाही. कार्यक्रम संपल्यावर कमानीच्या बाजूच्या पायऱ्यांवर जाऊन साधं फूल ठेवता येतं.

११. झेंडा घेऊन यावं का? 'भारतमाता की जय', 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणता येईल का? निदान दिवा तरी?

घोषणा नकोत. कुठल्याच देशाचे लोक तिथे देत नाहीत. अर्ज करून आलेल्या गटाला ध्वज आणता येतो का हे अर्जातच विचारावं. गर्दीत उभं राहून फडकवू नये. दिवा, उदबत्ती, कापूर यांतलं काही पेटवू नका. दाटीवाटीच्या जागी ज्योत कुणालाच नको असते. झेंडूची फुलं वाहा, त्यांना कुणी अडवणार नाही.

घोषणांबद्दल आणखी एक. कमानीवरची 'भारतीय' नावं अखंड हिंदुस्थानातली आहेत. त्यांतल्या अनेकांची गावं आज पाकिस्तानात आहेत. ३१ ऑक्टोबर १९१४ ला इथून जवळच होलबेक इथे सगळे साथीदार पडल्यावरही मशीनगन चालवत राहिलेला शिपाई खुदादाद खान हा व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला पहिला हिंदी सैनिक. तो चकवालचा, आता पाकिस्तानात. त्याची १२९वी बलुची पलटण मूळची मुंबई इलाख्याच्या सैन्यातली. अशा जागी कोणाचा जयजयकार करायचा? तो स्वतः वाचला आणि १९७१ पर्यंत जगला, त्यामुळे त्याचं नाव कमानीवर शोधू नका. होलबेकला त्याचं स्मारक आहे.

१२. ११ नोव्हेंबरला यायचं आहे. त्या दिवशी काय वेगळं असतं? आणखी कोणत्या तारखा लक्षात ठेवाव्यात?

११ नोव्हेंबर हा युद्धविरामाचा दिवस. बेल्जियममध्ये सार्वजनिक सुट्टी. सकाळी चौकातून मेनिन गेटपर्यंत मिरवणूक निघते आणि अकरा वाजता मुख्य कार्यक्रम होतो. त्यात कमानीच्या छतातून पॉपीच्या, म्हणजे युद्धस्मरणाची खूण मानलेल्या लाल फुलाच्या, पाकळ्या सोडतात. कमानीखाली जागा मर्यादित असते आणि प्रवेशावर नियंत्रण असतं; बाकीच्यांना बाहेरच्या पडद्यावर पाहावं लागतं. संध्याकाळी स्मरणाची मोठी मैफल असते, तिचं तिकीट वेगळं. रात्री आठचा बिगूल नेहमीप्रमाणे असतोच. युरोपभरातले शीख बांधव त्या दिवशी मोठ्या संख्येने येतात आणि मिरवणुकीत चालतात. भारतीय सैनिकांची आठवण त्या गावात जागती राहण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आपण मराठी लोक त्यात कमी पडतो, असं मला वाटतं. हॉटेलं वर्षभर आधी भरतात. पहिल्यांदाच येणाऱ्याला मी ही तारीख सुचवत नाही. दहा नोव्हेंबर किंवा साधा मंगळवार बरा.

२५ एप्रिल हा अँझॅक दिन, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणाचा. त्या पहाटे ईपरजवळच्या पॉलिगन वुडच्या दफनभूमीत प्रार्थना होते. ३१ जुलै ही ईपरजवळच्या पाशेंडालच्या १९१७ मधल्या लढाईच्या सुरुवातीची तारीख.

आणि एक सावधगिरी. दर तीन वर्षांनी मे महिन्यात गावात मांजरांची मिरवणूक निघते. घंटाघरावरून कापडी मांजरं खाली फेकतात आणि ती झेलायला हजारो लोक जमतात. २०२४ ला झाली, म्हणजे पुढची २०२७ ला. तिचा युद्धाशी काही संबंध नाही. मुलं असतील तर तीच तारीख धरून या. शांतपणे संग्रहालय पाहायचं असेल तर तो शनिवार-रविवार टाळा.

१३. मेनिन गेटवर भारतीयांची नावं आहेत का? ती कशी सापडतात?

आहेत, चारशेच्या वर. कमानीवर एकूण चौपन्न हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. इथल्या लढायांत पडलेले आणि ज्यांची कबर माहीत नाही असेच लोक त्यात आहेत. ज्यांना कबर आहे त्यांचं नाव इथे नसतं.

युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण किंवा स्मारक घालून शोधा. कोणत्या फलकावर नाव आहे तो क्रमांक मिळतो. कागदावर लिहून आणा. कमानीखाली उभं राहून भिंत वाचत शोधायला गेलात तर मान अवघडेल आणि आठ वाजतील.

भारतीय सैन्य सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेलला उतरलं आणि ऑक्टोबर संपता संपता ईपरजवळच्या खंदकांत होतं. कपडे उन्हाळी, युद्ध हिवाळी. एप्रिल १९१५ मध्ये लाहोर डिव्हिजन पुन्हा इथे आणली गेली आणि वायूत सापडली. वर्षअखेर पायदळ बहुतांशी मेसोपोटेमियाकडे हलवलं गेलं. म्हणून भारतीय नावं प्रामुख्याने १९१४-१५ ची. फ्रान्समध्ये नव-शापेल इथे खास भारतीयांचं स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. ईपरहून गाडीने तासाभरात पोहोचता येतं आणि ते पाहिल्याशिवाय परतू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

१४. आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात गेले. त्यांचं नाव इथे असेल?

बहुधा नाही, आणि हे वाईट वाटत असतानाही स्पष्ट सांगावं लागतं. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी जनरल टाउनशेंडच्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. कूत इथे त्यांना वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण यावं लागलं. पुढे कैदेत अनेकांचा अंत झाला. त्या आघाडीच्या बेपत्तांसाठी बसराचं स्मारक आहे. तिथल्या दगडावर ब्रिटिश सैनिकांची नावं आली, पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. शिपाई आणि हवालदारांची संख्या तेवढी कोरली आणि नावं नोंदवहीत ठेवली. या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. त्यामुळे स्मारकावर नाव नाही म्हणजे नोंदच नाही, असं समजू नका. संकेतस्थळावर शोधा.

अपवाद आहे तो खडकीचा. तिथल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर या आघाडीवर आल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव-शापेल गावात ४७व्या शीख पलटणीबरोबर त्या घराघरांतून संगिनीने लढल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. खरं तर ती माणसं पूल बांधायची, सुरुंग लावायची. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं वापरलं. घरच्या कागदांत 'सॅपर' किंवा खडकीचा उल्लेख असेल तर नव-शापेलची यादी आधी पाहा, मग मेनिन गेटची.

१५. ती माणसं इंग्रजांसाठी लढली. आपण पुष्पचक्र का वाहायचं?

दर उन्हाळ्यात कुणीतरी हे विचारतं, बहुधा कॉलेजातला मुलगा, आणि विचारणं रास्तच आहे. नका वाहू, सक्ती नाही. मात्र संग्रहालय साम्राज्याचा गौरव करायला बोलावतं, असा समज असेल तर तो आत जाऊन तपासा. तिथे विजयाची दालनं नाहीत.

शिपायाला तेव्हा महिना अकरा रुपये पगार होता. पोटासाठी, गावच्या रिवाजासाठी, भरती करणाऱ्याच्या दबावाखाली, पुढे काही जमीन मिळेल या आशेने लोक गेले. त्यांची घरी पाठवलेली पत्रं सेन्सॉरने भाषांतर करून ठेवली, म्हणून आज वाचता येतात. उघड लिहिता येत नसे, म्हणून 'काळी मिरी संपत आली, आता तांबडी वापरतात' अशा खुणेने ते कळवत की आपली माणसं फार मेली आणि आता गोरे पुढे येत आहेत. भाऊ, तू भरती होऊ नकोस, असंही आडून सांगत. ही पत्रं वाचल्यावर मला 'कुणासाठी' हा प्रश्न त्यांच्याऐवजी त्यांना पाठवणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

जर्मन मृतांचं काय, हाही प्रश्न याच ओघात येतो. मेनिन गेटवर ते नाहीत; संग्रहालयाच्या नामावलीत आहेत (प्रश्न ५). लांगमार्क इथे त्यांची दफनभूमी आहे, चव्वेचाळीस हजारांहून जास्त माणसं तिथे पुरली आहेत. काळ्या सपाट दगडांची, ओकच्या सावलीतली. तीही पाहा.

१६. पायवाटेवर शेताच्या कडेला गंजलेलं लोखंड दिसलं. आठवण म्हणून उचललं तर?

उचलू नका, पायाने ढकलू नका, जवळ बसून फोटोही नको. इथले शेतकरी दर नांगरणीला न फुटलेले तोफगोळे काढतात आणि शेताच्या कडेला ठेवून कळवतात. लष्कराचं बॉम्बशोधक पथक येऊन घेऊन जातं. पुलकापेल इथे त्या पथकाचा तळच आहे. काही गोळ्यांत शंभर वर्षांपूर्वीचा विषारी वायू अजून आहे. गोळा दिसला तर लांब राहून पोलिसांना कळवा. गावात जुन्या काडतुसांची नळकांडी विकायला असतात, तीही विमानतळावर अडचणीत आणतील.

१७. इंटरनेटवर मेनिन गेटवर असल्याचं दाखवलेलं नाव भिंतीवर नाही. किंवा आमच्या माणसाचं नाव यादीत सापडतच नाही.

भिंतीवर नसण्याची कारणं तीन. एक, शेतात किंवा बांधकामात अवशेष सापडून ओळख पटली की त्या सैनिकाला कबर आणि नावाचा दगड मिळतो आणि पुढे कमानीवरचं नाव काढतात. दोन, ब्रिटिश बेपत्तांपैकी १५ ऑगस्ट १९१७ नंतरचे इथे नाहीत, ते ईपरजवळच्याच टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर आहेत, सुमारे पस्तीस हजार. कमानीवरची जागा संपली होती. तीन, न्यूझीलंडच्या बेपत्तांची स्मारकं वेगळीकडे आहेत.

यादीत सापडत नसेल तर अडचण बहुतेक वेळा रोमन स्पेलिंगची असते. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. आडनाव बहुधा गाळलं. 'रामजी', 'गणू', 'बाळा' अशी एकेरी नावं शेकड्याने आहेत. म्हणून नाव टाकून शोधण्याऐवजी पलटण आणि मृत्यूचं वर्ष टाका, मग यादी वाचत जा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि रत्नागिरी, सातारा असा जिल्हा दिलेला असतो. ओळख त्यावरून पटते. गावाचं स्पेलिंगही वेडंवाकडं असेल, मोठ्याने वाचून पाहा.

घरी काही कागद असतील तर ते आयोगाला पाठवून चूक दुरुस्त करून घेता येते किंवा नवी नोंद मागता येते. त्यासाठी पुरावा त्या काळाचा लागतो : पेन्शनचं कागदपत्र, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक आणि पलटण, मृत्यू कळवणारं घरी आलेलं पत्र, किंवा कांस्याची थाळी, जिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह असतात आणि मृताचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. कोकणात आणि देशावर ही थाळी काही घरांत देव्हाऱ्यात ठेवलेली असते. घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. दोन्ही बाजूंचे आणि पदकाच्या कडेचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, सोबत वंशावळ जोडा आणि मूळ वस्तू टपालाने कधीही पाठवू नका.